आखूड पात्याची बॅट आणि नेट्समधील पारख

नमस्कार श्रोतेहो.

मार्च २०१० मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर चेन्नई सुपर किंग्जच्या मॅथ्यू हेडनने ४३ चेंडूंत ९३ धावा फटकावल्या, तेव्हा त्याच्या खेळीइतकीच चर्चा त्याच्या हातातल्या बॅटची झाली. ‘मंगूस’ नावाची ती बॅट इंग्लंडमध्ये आदल्याच वर्षी बाजारात आली होती आणि डर्बीशायरच्या स्टुअर्ट लॉने ती काउंटीच्या ट्वेंटी-२० सामन्यांत वापरली होती. तिचे पाते नेहमीच्या बॅटपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने आखूड होते आणि दांडा ४३ टक्क्यांनी लांब. अशी बॅट हाती आली, तर नेट्समध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, तिची पारख कशी करावी, हा आजचा विषय आहे.

आधी या बॅटमागचा विचार पाहू. नेहमीच्या बॅटमध्ये दांड्याचे टोक पाचरीसारखे पात्यात ठोकून बसवलेले असते. त्या सांध्याभोवतीच्या भागावर चेंडू बसला, तर हाताला झिणझिण्या येतात आणि फटक्यात जीव राहत नाही. मंगूसच्या रचनाकारांनी हा सांधा पात्यातून काढून वर दांड्यात नेला, वरचे लाकूड कमी केले आणि तेवढेच वजन खाली, चेंडू जिथे बसावा असे आपल्याला वाटते तिथे, जाडीच्या रूपाने वाढवले. दांडा लांब असल्यामुळे बॅट फिरवायला जोरही अधिक मिळतो. रुंदीला हात लावणे त्यांना शक्यच नव्हते. १७७१ मध्ये चर्टसी संघाचा व्हाइट हा फलंदाज हॅम्बल्डनविरुद्ध यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला आणि त्या प्रकारानंतर रुंदीवर सव्वाचार इंचांची मर्यादा आली, ती आजतागायत टिकून आहे. डेनिस लिलीने १९७९ मध्ये पर्थ कसोटीत अ‍ॅल्युमिनियमची बॅट आणल्यावर पाते लाकडाचेच असले पाहिजे, हेही नियमात लिहिले गेले. आज दांडा बॅटच्या एकूण लांबीच्या ५२ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, असेही बंधन आहे. म्हणून नव्या धाटणीची बॅट विकत घेण्यापूर्वी टेप लावून मोजून पाहावी, हे मी आवर्जून सांगेन.

नेट्समध्ये मात्र मी नेहमी एकच दृश्य पाहतो. मित्र पंधरा पावलांवरून अलगद चेंडू टाकतो, फलंदाज तो उंच उडवतो, जाळी थरथरते आणि बॅट पसंत पडते. ही पारख नव्हे. पुढे येऊन मारायला सोपा असलेला चेंडू कोणत्याही बऱ्या बॅटने लांब जातो. आखूड पात्याने आपल्याकडून काय काढून घेतले, हे आधी समजले पाहिजे, आणि ते समजण्याचा एक साधा मार्ग आहे.

आपल्या नेहमीच्या बॅटचे पाते स्वच्छ पुसा आणि नव्या लाल चेंडूवर, खऱ्या गोलंदाजांसमोर, पूर्ण सत्र खेळा. सत्र संपल्यावर पात्यावर उमटलेले लाल ठसे नीट पाहा. बहुतेक ठसे मध्याच्या आसपास गर्दी करून असतील, काही अगदी टोकाशी असतील, आणि काही पार वर, स्टिकरजवळ, फिकट व पसरट असे दिसतील. आता आखूड बॅट तिच्याशेजारी, दोन्हींची खालची टोके जुळवून ठेवा. नेहमीचे पाते साधारण बावीस इंचांचे असेल, तर हे पाते पंधरा इंचांच्या आसपास संपते. त्या रेषेच्या वर असलेला प्रत्येक ठसा म्हणजे नव्या बॅटवर दांड्याला, ग्लोव्ह्जला किंवा थेट बरगडीला लागला असता असा चेंडू होय. ते ठसे कुठून आले, हेही आठवून पाहा. बहुतेक आखूड टप्प्याच्या, अंगावर उसळणाऱ्या चेंडूंचे असतात. पुल मारायला उशीर झाला म्हणून किंवा बॅकफूटवर जाऊन हात सैल सोडून चेंडू पायाशी पाडला म्हणून ते उमटलेले असतात. ज्याच्या पात्यावर असे ठसे दाट आहेत, त्या सलामीच्या फलंदाजाला ही बॅट मी देणार नाही, मग तिने षटकार कितीही लांब जावोत.

याउलट पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येणाऱ्या आणि शेवटची चार षटके खेळणाऱ्या फलंदाजाचे बहुतेक ठसे पात्याच्या खालच्या अर्ध्या भागात असतात, कारण त्याला यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी टप्पा पडणारे चेंडू, आणि यॉर्करला चुकलेले फुलटॉसच अधिक मिळतात. त्याच्यासाठी ही बॅट खरोखर उपयोगी ठरू शकते, आणि हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो. फिरकीवर स्वीप मारतानाही तिचा त्रास कमी जाणवतो.

यानंतरच आखूड बॅट हातात घेऊन नेटमध्ये जावे. सुरुवात बचावापासून करावी. छातीचे गार्ड घालावे आणि गोलंदाजाला आखूड टप्प्याचे चेंडू टाकायला स्पष्ट सांगावे. लांब दांड्यावर खालचा हात नकळत पात्याकडे घसरतो, बोटे चेंडूच्या वाटेत येतात आणि नखे काळीनिळी होतात, ती याच वेळी. हाताची जागा पक्की होईपर्यंत मोठे फटके थांबवावेत. बॅट नवी असेल तर तिला आधी मोगरीने, म्हणजे लाकडी हातोडीने, ठोकून तयार करावे लागते, हे आपण जाणताच. जाड कडांना आणि टोकाला त्यासाठी अधिक वेळ द्यावा.

टेनिस बॉलवर खेळणाऱ्यांनी या हिशेबावर विसंबू नये. आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत मागून लाकूड कोरलेल्या, हलक्या बॅटी चालतात, त्या वेगळ्या गरजेतून आलेल्या आहेत आणि त्यांची पारखही वेगळी असते.

सामन्याच्या दिवशी नेहमीची बॅट आणि आखूड बॅट, दोन्ही किटमध्ये ठेवाव्यात. डाव सुरू असताना बॅट बदलायला नियमांची आडकाठी नाही. सोळावे षटक संपले, समोर वेगवान गोलंदाज आखूड मारा करण्याची शक्यता उरली नाही, की बाराव्या खेळाडूला खूण करावी.