मतदानाचे चौदा दिवस

(अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, मंडळाच्या गणेशोत्सव मेळाव्यात, २०२५ साली केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार.

गेल्या वर्षी धनत्रयोदशी मंगळवारी आली होती, २९ ऑक्टोबरला. त्या दिवशी सकाळी साडेसातला मी आमच्या गावच्या टाऊन हॉलमध्ये पोचले. चकलीची भाजणी घरात तशीच पडली होती, पणत्याही काढायच्या होत्या. आठ वाजता दार उघडलं तेव्हा बाहेर थंडीत रांग लागलेली. मतदानाचा खरा दिवस ५ नोव्हेंबर, म्हणजे आठवडा बाकी होता, तरी माणसं आली होती. मी टेबलामागे बसून नावं तपासत होते. संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही हिशेब घातला: किती जणांची नावं नोंदली, किती मतपत्रिका दिल्या, किती खराब होऊन बदलून दिल्या, किती उरल्या. आकडा पहिल्याच फटक्यात जुळला आणि मला माझे वडील आठवले.

वडील शिक्षक होते, पाटण तालुक्यात. शिक्षक म्हटला की इलेक्शन ड्यूटी आलीच, हे इथल्या बऱ्याच घरांत माहीत असेल. डिसेंबर १९८४ ची लोकसभा मला आठवते. कोयनेच्या बाजूच्या एका वाडीवर त्यांना केंद्राध्यक्ष म्हणून धाडलं होतं. जीप जाईल तिथपर्यंत जीप, पुढे मतपेटी एकाच्या डोक्यावर आणि सामानाची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर. रात्री शाळेतच मुक्काम. दोन दिवसांनी घरी आले तेव्हा बोटांना लाखेचा वास होता. आईने पाणी दिलं, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हिशेब जुळला." कोण निवडून येणार याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. दिलेल्या मतपत्रिका आणि पेटीतल्या मतपत्रिका जुळल्या पाहिजेत, त्यांना तेवढंच पुरे असे.

आज मला बोलायचंय ते आपल्या कनेक्टिकटच्या अर्ली व्होटिंगच्या, म्हणजे मतदानाच्या दिवसाआधीच केंद्रावर जाऊन मत देण्याच्या, कायद्याबद्दल. आपल्यातल्या अनेकांना वाटतं की ही सोय इथे आधीपासूनच होती. तसं नाही. ती यायला फार वर्षं लागली, आणि त्यातलं एक वर्ष माझ्या मनाला अजून लागून आहे.

मी नर्स आहे. माझी शिफ्ट सकाळी सात ते संध्याकाळी सात. मतदान केंद्र उघडतं सहाला आणि बंद होतं रात्री आठला. कागदावर बघितलं तर दोन्ही बाजूंना वेळ आहे. पण सातला हातात चार्ज घ्यायचा तर घर सहाच्या आधी सोडावं लागतं, आणि संध्याकाळी सातला सुटका होते ती पुढची नर्स वेळेवर आली तरच. टपालाने मत पाठवायचं, म्हणजे अॅब्सेंटी बॅलट, तर त्यासाठी कारण लागायचं. आजारी आहे, सैन्यात आहे, धर्म आड येतो, किंवा मतदानाच्या सगळ्या वेळात गावाबाहेर असणार आहे. "सगळ्या वेळात" हे शब्द त्या अर्जावर होते, आणि खाली सही करायची ती खोटं लिहिल्यास शिक्षा होईल हे मान्य करून. मी बारा तास बाहेर असणार होते, केंद्र चौदा तास उघडं असणार होतं. मी सही केली नाही.

४ नोव्हेंबर २०१४, मंगळवार. माझी बदली नर्स पाऊण तास उशिरा आली. मी केंद्राच्या पार्किंगमध्ये शिरले तेव्हा आतले दिवे चालू होते, पण दार बंद झालं होतं. मी गाडीतच बसून राहिले थोडा वेळ. आणि त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर एक प्रश्न होता: टपाली मतावरचे निर्बंध काढावे, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर न येताही मत देता यावं, म्हणून राज्यघटना बदलायची का? माझ्यासारख्यांसाठीच तो प्रश्न होता. तो साधारण ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी पडला. माझ्या एका मताने काही फरक पडला नसता हे मला कळतं. पण ज्यांना त्या दारापर्यंत वेळेत पोचता येत नव्हतं, त्यांनाच उत्तर देता आलं नाही, हे मी विसरू शकलेले नाही.

घटना का बदलावी लागली? कारण आपल्या राज्याच्या घटनेतच मतदान एका दिवसाला बांधलेलं होतं, आणि गैरहजर राहण्याची कारणंही तिथेच मोजून दिलेली होती. विधिमंडळाला वाटलं तरी नुसता कायदा करून चालणार नव्हतं. आजूबाजूची राज्यं पुढे गेली. अलाबामा, मिसिसिपी, न्यू हॅम्पशायर आणि आपण, एवढेच मागे राहिलो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रश्न पुन्हा आला, या वेळी फार साध्या शब्दांत: विधिमंडळाला अर्ली व्होटिंगची तरतूद करता यावी म्हणून घटना बदलायची का? लीग ऑफ विमेन व्होटर्ससारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन हे समजावलं होतं. साधारण ६० टक्के लोकांनी होय म्हटलं. माझ्या मते २०१४ च्या पराभवाचं एक कारण प्रश्नाची भाषा होतं. दोन वेगळ्या गोष्टी एका लांबलचक वाक्यात कोंबल्या की रांगेतला माणूस "नाही" वर खूण करून मोकळा होतो. २०२२ ला मात्र मी मंगळवारची रजा सहा महिने आधी टाकून ठेवली होती.

२०२३ मध्ये कायदा झाला. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी १४ दिवस, बहुतेक प्रायमरीआधी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीआधी, ७, पोटनिवडणूक आणि अध्यक्षपदाच्या प्रायमरीआधी ४. राज्यातल्या १६९ गावांपैकी प्रत्येकात किमान एक केंद्र. २०२४ च्या मार्चमध्ये अध्यक्षपदाच्या प्रायमरीला तो पहिल्यांदा वापरला गेला, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीला सात लाखांहून जास्त लोकांनी असं आधी येऊन मत दिलं. ते दिवस होते २१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. आपल्या पंचांगाने सांगायचं तर वसुबारस, धनत्रयोदशी, नरक चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि शेवटच्या दिवशी भाऊबीज. भाऊबिजेला रविवार होता. आमच्या केंद्रावर एक भाऊ-बहीण ओवाळणी आटपून थेट आले. तिच्या हातावरची मेंदी ओळखूनच मी नमस्कार केला.

आता कागदाबद्दल. गेल्या वर्षी मुलांकडे राहायला आलेल्या एका काकांनी मला विचारलं, "अहो, एवढा पुढारलेला देश आणि अजून कागदावर? आपल्याकडे तर कधीच यंत्र आलं." ते बरोबरच बोलत होते. आपल्याकडे केरळमधल्या परूरला १९८२ मध्ये यंत्र पहिल्यांदा वापरलं, आणि २००४ च्या लोकसभेला सगळ्या देशात. पण भारतात एका वेळी बहुधा एकच प्रश्न असतो: आमदार कोण, किंवा खासदार कोण. एक बटण, काम झालं. इथे २०२४ च्या मतपत्रिकेवर अध्यक्ष, सिनेटर, काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, सदस्य, राज्याच्या दोन्ही सभागृहांचे प्रतिनिधी, गावची मतदार यादी आणि निवडणूक सांभाळणारा रजिस्ट्रार, आणि शिवाय घटनेचा एक प्रश्न होता. त्यात एकाच उमेदवाराचं नाव कधी दोन पक्षांच्या ओळींवर दिसतं, आणि नवा मतदार गोंधळतो. हे सगळं कागदावर एका नजरेत मावतं, घाई न करता वाचता येतं.

आणि यंत्र इथेही आहेच, फक्त त्याची जागा वेगळी आहे. तुम्ही पेनाने गोल भरता, यंत्र ते गोल वाचून मोजतं, आणि तुमच्या हातचा कागद मागे राहतो. इथे सत्तरच्या दशकात आलेल्या आपल्या काका-काकूंना खटक्यांची मोठी यंत्रं आठवत असतील, पडदा ओढून खटका दाबायचा. त्या यंत्रांत आकडा उरायचा, मत उरत नसे. २००० साली फ्लोरिडात अध्यक्षपदाच्या मतमोजणीचा जो घोळ झाला त्यानंतर सगळा देश जागा झाला. आपल्या राज्याने २००५ च्या कायद्याने ठरवलं की मतदाराला स्वतः तपासता येईल असा कागद हवाच, आणि पुढच्या दोनेक वर्षांत खटके गेले. निवडणुकीनंतर चिठ्ठ्या टाकून पाच टक्के केंद्रं निवडतात आणि तिथला हिशेब पुन्हा तपासतात. भारतातल्या यंत्र की कागद या वादात मी आज शिरत नाही, तिथली गर्दी आणि तिथल्या अडचणी वेगळ्या आहेत. मला एवढंच ठाऊक आहे की माझ्या टेबलावरून गेलेला प्रत्येक कागद पुन्हा मोजता येतो.

कागदाची एक कमजोरीही सांगते, कारण ती खरी आहे. कागद पुरेसा छापावा लागतो. २०१० साली ब्रिजपोर्टला जवळपास ६९ हजार मतदार नोंदलेले असताना २१ हजार मतपत्रिका मागवल्या होत्या. दुपारपासून त्या संपू लागल्या, झेरॉक्स काढायची वेळ आली, आणि न्यायालयाने काही केंद्रं दोन तास जास्त उघडी ठेवायला लावली. कोणीतरी पैसे वाचवायला गेलं आणि रांगेतली माणसं घरी गेली. चौदा दिवस मतदान असलं की असा घोळ पहिल्या दोन दिवसांतच लक्षात येतो, आणि सुधारायला वेळ मिळतो. एकच दिवस असेल तर तो दिवस बुडाला की बुडालाच.

गेल्या वर्षी अर्ली व्होटिंगला मतपत्रिका लिफाफ्यात घालून, चिकटवून, कुलूपबंद पेटीत टाकायची होती, आणि ती मोजली गेली मतदानाच्या दिवशी. अनेकांना हे खटकलं. "यंत्रात का टाकू देत नाही?" असं रोज कोणीतरी विचारायचं. मी सांगायचे की रोज संध्याकाळी आकडे जुळवून सगळं टाऊन क्लार्कच्या, म्हणजे गावचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात कडीकुलपात जातं. त्यांची शंका मला कधी वावगी वाटली नाही. मत देणाऱ्याने विचारलंच पाहिजे.

कायद्यावर माझी तक्रार एकच आहे, आणि ती मी आमच्या प्रतिनिधींनाही लिहून कळवली आहे. केंद्र बहुतेक दिवस सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडं असतं. फक्त शेवटच्या मंगळवारी आणि गुरुवारी ८ ते ८. दुकानात, गोदामात, इस्पितळात काम करणाऱ्या माणसाला १० ते ६ चा काय उपयोग? शनिवार-रविवार आहेत म्हणून निभावतं. मला विचाराल तर दिवस दोन कमी करा, पण संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवा. युनियन नावाच्या, हजाराच्या आत वस्ती असलेल्या गावालाही चौदा दिवस माणसं बसवावी लागतात, त्यांनाही ते सोपं जाईल.

आता थोडं आपल्यापुरतं, आणि हे नीट ऐका. मत फक्त नागरिकांनी द्यायचं. ग्रीन कार्ड असेल, एच-वन व्हिसा असेल, तर लायसन्स काढताना कोणी सहज मतदार नोंदणीचा कागद पुढे केला तरी सही करू नका. चुकून केलेल्या नोंदणीमुळे पुढचं नागरिकत्व, इथलं राहणंसुद्धा धोक्यात येतं. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांना फॉर्म ६ए भरून तिकडच्या मतदार यादीत नाव घालता येतं, मात्र मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन तिथे जावं लागतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर भारतात मत देता येत नाही.

नव्याने नागरिकत्वाची शपथ घेतलेल्यांसाठी मात्र या कायद्यात मोठी सोय आहे. नेहमीच्या नोंदणीची मुदत गेली तरी अर्ली व्होटिंगच्या केंद्रावर जागच्या जागी नाव नोंदवून त्याच वेळी मत देता येतं. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले. शपथ होऊन चार दिवस झाले होते, नोंदणीची मुदत १८ ऑक्टोबरलाच संपली होती. हातात लायसन्स आणि विजेचं बिल होतं. वीस मिनिटांत ते मतपत्रिका घेऊन आडोशामागे गेले. बाहेर आल्यावर काही बोलले नाहीत, नुसते हात जोडले.

आणि आपल्या आई-सासूबाईंबद्दल. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून नागरिक असूनही कितीतरी जणी घरी बसतात. वाचता-लिहिता न येणाऱ्या मतदाराला आपल्या पसंतीचा माणूस मदतीला आत नेण्याचा हक्क १९८२ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात आहे. नोकरीतला मालक किंवा कामगार संघटनेचा माणूस नको, एवढंच. मुलगी, सून, शेजारीण चालते. गेल्या वर्षी काठपदराच्या साडीतल्या एक आजी लेकीला घेऊन आल्या. लेक मराठीतून एकेक नाव वाचत होती, आजी "पुढचं वाच, पुढचं वाच" म्हणत होत्या. घटनेच्या प्रश्नावर त्या थांबल्या, दोनदा वाचायला लावला, मग स्वतःच्या हाताने गोल भरला.

यंदा आपल्या बहुतेक गावांत ४ नोव्हेंबरला स्थानिक निवडणूक आहे. शाळेचं बजेट, शिक्षकांची संख्या, मराठी शाळेला वर्ग वापरू द्यायचा की नाही, हे सगळं ज्यांच्या हातात ते बोर्ड ऑफ एज्युकेशनचे लोक याच मतपत्रिकेवर असतात. अशा वर्षी रांग नसते, आणि मोजक्या मतांनी निकाल लागतात. अर्ली व्होटिंग २० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर. २० तारखेला नरक चतुर्दशी आहे, २१ ला लक्ष्मीपूजन. पहाटे अभ्यंगस्नान, फराळ, आणि दहा वाजता टाऊन हॉल.

टेबलामागे बसायला माणसं कमी पडतात. प्रत्येक गावात दोन रजिस्ट्रार असतात, एक एका पक्षाचा आणि एक दुसऱ्याचा. त्यांच्यापैकी कोणालाही फोन करा. प्रशिक्षण देतात, मानधनही मिळतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीने काम करता येतं. माझ्या मुलाने गेल्या वर्षी केलं, आणि संध्याकाळचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून जुळवला.

प्रसादानंतर मी दाराजवळच्या टेबलाशी आहे. नाव यादीत आहे की नाही हे ज्यांना बघायचंय त्यांनी यावं. गाव, नाव आणि जन्मतारीख सांगितलीत की फोनवर लगेच बघता येतं.