रिकामं वजन

(दृश्य : पहाट. दारव्हा तालुक्यातलं एक शेत. पऱ्हाटीच्या तासांतून बाया वेचत पुढे सरकतायत.)

यवतमाळ जिल्ह्यातला डिसेंबर. दुसरा वेचा चालू आहे. प्रत्येक बाईला आपलं तास ठरलेलं. कमरेच्या फडक्यात कापूस साचत जातो, फडकं भरलं की गाठोड्यात ओतायचा आणि परत तासावर. शेजारच्या तासातली बाई कुठवर पोचली, हे हिला माहीत नसलं तरी हिचं काम अडत नाही.

या बायांमधल्या एका मावशींना मी विचारलं, बाया वाढवल्या तर वेचा लवकर होतो का? त्यांनी हात न थांबवता उत्तर दिलं, "होते नं. बाई वाढली का तास वाढते."

फ्रेड ब्रूक्स नावाच्या इंजिनिअरनं नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं. 1960च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/360 ही प्रचंड मोठी ऑपरेटिंग सिस्टीम बनत होती, ते काम त्यांच्याकडे होतं. ते वेळेत झालं नाही. तो अनुभव त्यांनी 1975 साली पुस्तकात लिहिला. गव्हाची कापणी किंवा कापसाचा वेचा असेल तर माणसं वाढवून दिवस कमी करता येतात, कारण तिथं एकाला दुसऱ्याशी बोलायची गरज पडत नाही. सॉफ्टवेअरचं तसं नाही, असं त्यांनी मांडलं. रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली तर ते आणखी रखडतं, हा त्यांचा नियम आज जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो.

ब्रूक्स स्वतः अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचे, म्हणजे कापसाच्याच मुलखातले. त्यांचं ते पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुण्यात एका काचेच्या इमारतीत बसलो होतो, आणि डोळ्यांसमोर आलं ते आमचं वावर.

(दृश्य : दारव्ह्याचा बाजार रस्ता. शकुंतला या जुन्या रेल्वेगाडीचं स्टेशन. मग एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरची खोली, सात टेबलं, कोपऱ्यात इन्व्हर्टर.)

ही आमची टीम, सात जणांची. जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. गाडी गेटात आली की नोंद, काट्यावर भरलेलं वजन, कापूस उतरला की रिकामं वजन, मग निव्वळ वजन आणि शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी. ऐकायला छोटं काम आहे. पण त्या पट्टीवरच्या आकड्यात एका घराचं वर्ष असतं.

सात माणसांत दोघादोघांच्या जोड्या मोजल्या तर एकवीस होतात. अकरा माणसं केली की पंचावन्न. दिवाळीच्या तोंडावर एका जिनिंगवाल्यांनी मला मनापासून सांगितलं होतं, "भाऊ, चार पोरं अजून घ्या, पैसे मी देतो, पन सीझनच्या आधी काम करून द्या." मी नाही म्हणालो. चार नवी पोरं आली असती तर त्यांना शिकवायला जुनी चार बसली असती, आणि ऐन सीझनमध्ये पंचावन्न वाटांनी गैरसमज फिरले असते. त्याऐवजी आम्ही कामच कमी केलं. तीन रिपोर्ट होळीनंतर देऊ म्हणालो, आणि काटा, पट्टी, हिशेब एवढंच आधी नीट केलं. त्यांना ते पटायला दोन चहा लागले, पण पटलं.

माणसं किती घ्यायची हा तसा सोपा प्रश्न. आहेत त्या माणसांमधून कोणती गोष्ट आपल्यापर्यंत पोचते आणि कोणती वाटेतच थांबते, ते कळायला मला फार वेळ लागला.

(दृश्य : काळा पडदा. फक्त आवाज.)

पुण्यात नवाच लीड झालो होतो. सोमवारची मीटिंग, अकरा-बारा जण. एक पोरगा म्हणाला, या आठवड्यात माझा भाग पूर्ण होणार नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे आत्ता सांगतोस?" एवढंच. आवाजही फार चढवला नव्हता. तो खाली बघत बसला, मीटिंग पुढे सरकली, आणि मी ते विसरून गेलो.

बाकीचे विसरले नव्हते. दोन महिन्यांनी कळलं की डेटाचा बॅकअप नऊ दिवसांपासून होतच नव्हता. टीममधल्या दोघांना ते माहीत होतं. दोघंही आपापल्या परीनं गुपचूप दुरुस्त करायला बघत होते, एकमेकांनाही न सांगता. मी विचारलं, का नाही सांगितलं? उत्तर आलं नाही. उत्तर मीच त्या सोमवारी देऊन ठेवलं होतं.

(दृश्य : दवाखान्याचा लांब व्हरांडा, एक नर्स औषधांचा ट्रे घेऊन जातेय.)

हार्वर्डच्या अ‍ॅमी एडमंडसन 1990च्या दशकात इस्पितळांमधल्या टीमचा अभ्यास करत होत्या. रुग्णाला औषध देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. ज्या टीम अधिक चांगल्या चालवलेल्या होत्या, तिथं नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. बारकाईनं पाहिल्यावर उलगडा झाला तो असा, की या टीम चुका जास्त करत नव्हत्या, उघडपणे सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. 1999च्या शोधनिबंधात त्यांनी याला टीमची मानसिक सुरक्षितता म्हटलं. पुढे गूगलनं स्वतःच्या 180 टीम तपासल्या, तेव्हा चांगल्या टीमच्या खुणांमध्ये हीच गोष्ट सगळ्यात वर आली.

मला या अभ्यासानं हादरवलं. माझ्या पुण्याच्या टीमच्या रिपोर्टमध्ये चुका जवळजवळ नसायच्या आणि मला त्याचा अभिमान होता.

(दृश्य : दारव्ह्याची खोली. सकाळची बैठक. सगळे उभे.)

गावी परत येऊन टीम उभी केली तेव्हा पहिले चार महिने बैठकीत शांतताच असायची. पोरं हुशार, पण बोलेनात. मग लक्षात आलं, मी पुण्याच्या भाषेत बोलत होतो आणि ती मनातल्या मनात आधी शब्द जुळवत होती. वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे जायचा. एके सकाळी मीच म्हणालो, "मले हा भाग समजला नाही. कोनी सांगून देता का?" क्षणभर सगळे बघत राहिले. मग एकानं खुर्ची ओढली आणि वऱ्हाडीत, हातवारे करत, वीस मिनिटं मला माझ्याच सिस्टीमचा तो भाग समजावला. त्या दिवसापासून बैठक वऱ्हाडीत. कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासतानाच्या, शेऱ्यांतही "हे चूक आहे" असं लिहायचं नाही. "इथं ट्रॉली रिकामीच आली तर काय होईल?" असा प्रश्न लिहायचा. प्रश्नाला उत्तर देता येतं. शिक्का मारला की माणूस गप्प बसतो.

दर आठवड्याला प्रत्येकाबरोबर अर्धा तास, खोलीबाहेर, स्टेशनच्या बाजूनं चालत. त्यात कामाची यादी काढायची नाही हा माझ्यावरच घातलेला नियम. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कोणी काही बोलत नाही. मग हळूहळू कळायला लागतं. कोणाच्या घरी सोयाबीन पावसात सापडलं, कोणाला रात्री लाईट नसल्यानं अभ्यास होत नाही, कोणाला आपल्या हातचं काम कळलेलंच नाही पण विचारायची लाज वाटते.

(दृश्य : रात्र. मोबाईलचा उजेड. एक काटापट्टी.)

मागच्या सीझनची गोष्ट. रात्रीचे 9 वाजून 40 मिनिटं. आमच्या टीममधल्या सगळ्यात लहान मुलीचा फोन.

"दादा, माह्या कोडमंदी चूक हाय वाटते. लय मोठी."

"बोल. काय दिसून राह्यलं?"

तिच्या शेजारच्या काकांनी त्या दिवशी दोन खेपा कापूस नेला होता. दुसऱ्या खेपेला ट्रॉलीचे बाजूचे फाळके आणि ताडपत्री त्यांनी घरीच ठेवली. काट्याच्या डिस्प्लेवर रिकामं वजन 3,400 किलो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पट्टीवर मात्र छापलं होतं 3,460. रिकामं वजन जास्त लागलं की कापूस तेवढा कमी भरतो. 60 किलोचा फरक, म्हणजे एका बाईचा दोन-तीन दिवसांचा वेचा. काकांनी कोणावर आरोप केला नाही. शेजारची पोरगी काँप्युटरचं काम करते म्हणून पट्टी दाखवायला आणली, एवढंच.

तिनं जेवण टाकून लॅपटॉप उघडला होता. मी पोचलो तेव्हा अंगणात खाटेवर ती, काका आणि तिचे वडील बसलेले. पट्टी मधोमध, उडू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला.

अकरा वाजता गाठ सापडली. काट्यावर नेट तुटतं, म्हणून रिकामं वजन तिथल्याच मशीनवर तात्पुरतं साठवायचं आणि ते गाडीच्या नंबरावर शोधायचं, ही रचना दोन वर्षांपूर्वी माझी. पट्टी छापली की ते वजन पुसलं जायचं, म्हणून तेव्हा काही बिघडत नव्हतं. तिनं पंधरवड्यापूर्वी पट्टी पुन्हा छापण्याची सोय केली, त्यासाठी पुसणं थांबवलं. त्यामुळे तीच गाडी त्याच दिवशी दुसऱ्यांदा आली की स्क्रीनवर नवं वजन दिसे, पट्टीवर मात्र सकाळचं उमटे. तिचा बदल मी स्वतः तपासला होता, रात्री उशिरा, दुसरी खेप न चालवता.

जिनिंगच्या मालकांना त्याच रात्री फोन केला. आधी ते भडकले, तो त्यांचा हक्क होता. काट्याची मूळ नोंद सुदैवानं वेगळ्या फाईलमध्ये जशीच्या तशी राहते. पहाटेपर्यंत आम्ही चौघांनी ती पट्ट्यांशी ताडून पाहिली. तेवीस पट्ट्या चुकलेल्या निघाल्या. फरकाची रक्कम प्रत्येकाला फोन करून पोचवली गेली.

(दृश्य : पांढरा फळा. वेळेनुसार ओळी लिहिल्या जातायत.)

दोन दिवसांनी बैठक घेतली. फळ्यावर फक्त घटनाक्रम लिहायचा, माणसाचं नाव लिहायचं नाही. जगातल्या बऱ्याच सॉफ्टवेअर टीम आता ही पद्धत पाळतात : कोणी केलं हे शोधण्याऐवजी, त्या क्षणी त्या माणसाला ते बरोबर का वाटलं हे शोधायचं. पहिली ओळ मी लिहिली, माझ्या जुन्या रचनेची. ती मुलगी कोपऱ्यात उभी होती. चौथ्या ओळीला तिनं माझ्या हातातून मार्कर घेतला आणि म्हणाली, "दादा, इथं एक राह्यलं." तपासणीच्या यादीत एका गाडीच्या दोन खेपांचा प्रसंग कधी नव्हताच, हे तिनं लिहिलं. ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

आता रिकामं वजन गाडीच्या नंबरावर साठत नाही, खेपेवर साठतं. आणि पट्टीवर एक ओळ वाढली आहे. ती ओळ तिनं सुचवली.

(दृश्य : जिनिंगचा काटा. ट्रॅक्टरची रांग. काका खिडकीतून पट्टी घेतात.)

काका पट्टी डोळ्यांजवळ धरतात. भरलेलं वजन वाचतात. मग बोट खाली सरकतं. रिकामं वजन, 3,410 किलो. त्याच्या खालच्या ओळीत बारीक अक्षरात वेळ : 11 वाजून 20 मिनिटं. ते मान वर करून काट्याच्या डिस्प्लेकडे बघतात, परत पट्टीकडे बघतात, मग ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतात आणि ट्रॅक्टर सुरू करतात.