पत्रादेवीचं एक पान

नमस्कार मंडळी. 15 ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर झेंडा लागतो, फुलं वाहतात, भाषणं होतात. 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, पणजीत आझाद मैदानावर परत तेच. भाषणं जरा आवरती घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते प्लॅस्टिकात गुंडाळलेले बुके कशाला आणतात देव जाणे, आपल्याकडे अबोली संपली काय?

तर पत्रादेवी. 15 ऑगस्ट 1955. परत सांगतो, 1955, म्हणजे देश स्वतंत्र होऊन 8 वर्षं झालेली आणि इथे अजून पोर्तुगीज. देशभरातून सत्याग्रही आले, हातात फक्त तिरंगा, आणि समोरून गोळ्या. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय झेंडा धरून होत्या, त्यांना गोळी लागली, तेव्हा पंजाबातल्या इसरू गावचा तरुण मास्तर करनैलसिंग पुढे झाला. तो तिथेच गेला.

आता माझ्या आजीचं सांगतो. आमचं घर पेडण्यात. आजीला झेंड्याबिंड्याचं फार नव्हतं, पण भाद्रपदात म्हाळाला ती एक पान जास्त वाढायची. आम्ही विचारलं, हे कोणाचं? तर म्हणे, "त्या पत्रादेवीच्या झिलाचा. तेचो म्हाळ हंय कोण घालतलो?" झील म्हणजे पोरगा, तो करनैलसिंग. आता शिखांत म्हाळ असतो का नसतो, हे तिला कोण सांगणार! एका वर्षी झालं काय, सगळ्या पानांना कावळा शिवला, ह्याच्याच पानाला नाही. तास झाला, दीड तास झाला, आम्ही पोरं भुकेने कळवळलेली. शेवटी आजीनेच निकाल दिला, आमचे कावळे त्याला ओळखत नाहीत. आणि मला पान बांधून दिलं नि काकाच्या स्कूटरवर बसवून पाठवलं चेकनाक्यावर, तेव्हा तिथे ट्रकांची ही एवढी लाइन असायची, म्हणाली फेटेवाला बघ.

मिळाला की! जेमतेम हिंदीत मी सगळं सांगितलं. त्याने आधी चपला काढल्या, स्मारक कुठल्या बाजूला ते विचारलं, तिकडे तोंड करून हात जोडले आणि मग टायरजवळ बसून खतखतं, वडे, खीर, सगळं साफ केलं. वर रस्त्यासाठी अजून दोन वडे आहेत का विचारलं.

घरी येऊन सांगितलं तर आजी एवढंच म्हणाली, "पावला. वाढा आता पोरांक."