बांधावरचा बिब्बा

(दृश्य: डिसेंबरची सकाळ. तुरीच्या शेताचा बांध. एका झाडाखाली वाळक्या पानांवरून चाललेली पावलं.)

चांगल्या चाललेल्या कामात कुणीतरी बिब्बा घातला, असं आपण सहज म्हणून जातो. बिब्ब्याचं झाड मात्र मी गेल्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं. बिब्बा म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातली काळी बी, एवढीच ओळख.

हे झाड सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोटकडच्या एका शेतात आहे. शेत ज्यांचं, त्या मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पाय पोरी, पन टेकू नोको त्याले."

म्हणून कितीतरी दिवस नुसतं पाहिलं. लांबून मी त्याला साग समजले होते. सागाची पानं समोरासमोर जोडीनं येतात, याची एकाआड एक, आणि फांदीच्या टोकाला घोळक्यानं. हातभर लांब, टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळती. पान उलटलं की खालची बाजू फिकट पांढुरकी. खोडावर कुऱ्हाडीचा जुना घाव होता आणि त्यातून ओघळलेला रस डांबरासारखा काळा पडला होता.

(दृश्य: पावसाळा. हिरवट पिवळा, बारीक फुलांचा तुरा.)

पावसाळ्यात फुलोरा आला. पलीकडच्या झाडालाही आला, पण त्याला पुढे फळ एकही धरलं नाही. मावशी त्याला वांझ म्हणतात. बिब्ब्याची नर आणि मादी फुलं बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात, तो नर आहे, असं मी सांगितलं. त्या हसल्या. "मंग तर अजूनच कामाचा नाई!"

(दृश्य: काळी बी, तिच्या डोक्यावर नारिंगी बोंड. अगदी जवळून.)

काजू आठवतोय ना? बिब्बा त्याच कुळातला, आंब्याचाही भाऊबंद. फरक एवढाच, की काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला आणि बिब्बा इथलाच. आधी बी धरते, मग तिच्यामागचा देठ फुगतो, पिवळा होतो, नारिंगी होतो. हा फुगलेला देठ म्हणजे बिब्ब्याचं फूल. झाडाला लागतं ते खरं फूल वेगळं; बाजारात मिळतं ते हे, वाळवलेलं.

फूल गोड आणि त्याला चिकटलेल्या बीच्या टरफलात जाळणारं तेल. हवा लागली की ते काळं पडतं, कापडावरून धुऊन जात नाही. म्हणून धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत. झाडाचं शास्त्रीय नाव सेमेकार्पस, म्हणजे खुणेचं फळ. चरकसंहितेत हाच भल्लातक रसायन म्हणून येतो. घरी मात्र तो प्रयोग करू नका.

मावशी फळ नारिंगी बाजूनं धरतात, बी खाली झुकवून पिळतात, जोडाजवळचा भाग टाकून देतात. मीही तसंच केलं. हात सांभाळले, कॅमेऱ्याचा पट्टा विसरले. त्याला रस लागला होता, हे दोन दिवसांनी मानेनं सांगितलं. बिब्बा उतला. आठवडाभर खोबरेल तेल आणि मावशींचं हसणं.

(दृश्य: चुलीतली गरम राख, त्यात भाजणारी फुलं.)

कच्चं फूल जीभ आवळून धरतं. राखेत भाजलं की तुरटपणा मागे सरतो आणि खजुराच्या जवळपासची चव येते; खजुरापेक्षा जरा रांगडी.

(दृश्य: दगडावर बी फोडणारे हात.)

या बीच्या आतला गर म्हणजे गोडंबी, डिंकाच्या लाडवातली. आपल्याला ती पांढरी, स्वच्छ मिळते, कारण तिचं टरफल आधी कुणाच्या तरी हातांनी फोडलेलं असतं. मावशी हाताला राख चोळून बसतात, तरी बोटं काळीच.

त्या बोटं कॅमेऱ्यासमोर धरतात. "मतदानाची शाई निघते बाई, हे नाई निघत."

आणि पुढची बी दगडावर ठेवतात.