आगोटीच्या हिशेबात न धरलेला खर्च

(दृश्य : आंजर्ले खाडी. पाऊस. शाकारून ठेवलेल्या होड्या.)

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. हर्णे बंदरातल्या होड्या खाडीत येऊन विसावल्यात. हे ६१ दिवस दर्यातून पैसा यायचा नाही, हे इथल्या घराघरांत ठाऊक असतं. म्हणून मे सरायच्या आत आगोट भरायची : तांदूळ, मिरची, आमसुलं, सुका जवळा, बोंबील.

फोनला मात्र बंदी कळत नाही.

(दृश्य : ओटी. वहिनी चष्मा लावून नवऱ्याच्या फोनवरचे मेसेज वाचतायत.)

“अहो, हे उद्या १४९ कसले जायचेत?”

नवरा होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. तांडेल जाळं विणता विणता सांगतात, “क्रिकेटच्या वेळी पोरानं घेतलेलं. ते अ‍ॅप कधीच काढून टाकलंय.”

अ‍ॅप काढलं, ऑटोपे तसंच राहिलं. यूपीआयवर ही सोय २०२० साली आली. एकदा पिन टाकून परवानगी दिली, की १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन विचारत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. कळवतातही. पण तो इंग्रजी मेसेज कर्जाच्या जाहिरातींत असा दडपलेला असतो, की वाचायला वहिनीच हव्यात.

महिन्याला १४९ म्हणजे वर्षाला १,७८८ रुपये. रक्कम एवढी किरकोळ, की तिच्यावरून घरात भांडणसुद्धा होत नाही. त्यामुळेच ती वर्षानुवर्षं जात राहते.

(दृश्य : फोनचा पडदा, जवळून.)

यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडायचं. चालू असलेली यादी दिसते. नको ते निवडून रद्द करायचं, पिन टाकायचा. प्ले स्टोअरमधली सबस्क्रिप्शनं वेगळी बघावी लागतात. कर्जाचा हप्ता आणि विम्याला हात लावायचा नाही, हे वहिनींनी आधीच बजावलंय. रद्द करायची वाटच कुणी लपवून ठेवली असेल, तर ती ग्राहकाची फसवणूक ठरते. २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट म्हटलंय. तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

(दृश्य : वाडीतलं कुलूपबंद घर, भिंतीवर वाय-फायची वायर.)

लॉकडाऊनमध्ये गावी आलेल्या चाकरमान्यांनी घरून काम करायला वाय-फाय घेतलं. आता घर उघडतं गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. बिल बारमाही. काही कंपन्या कनेक्शन तात्पुरतं बंद ठेवू देतात, पण ते आपणहून विचारावं लागतं.

मोबाइलचं गणितही बघा. २८ दिवसांचं रिचार्ज म्हणजे वर्षात १२ नव्हे, १३ वेळा पैसे.

वहिनींनी संध्याकाळपर्यंत यादीतली तीन नावं उडवली. मग टीव्हीचा विषय निघाला. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नसतं, हे खरं. पण सासूबाईंची मालिका त्यावर दिसत नाही. त्यांचा डीटीएच रिचार्ज बंद करू या, असं म्हणायला तांडेलसुद्धा धजावले नाहीत.