पावसाळ्यातले नेट आणि मोडेमचे आकडे

मंडळी, मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या पेठांतून एक तक्रार हमखास ऐकू येते: नेट मिनिटभर जाते, येते आणि पुन्हा जाते. अशा वेळी अनेक जण नवा राऊटर घेऊन येतात. माझा आग्रह एवढाच आहे की, खिशात हात घालण्यापूर्वी मोडेम, म्हणजे टीव्हीसारख्या केबलवरून घरात नेट आणणारी पेटी, स्वतः काय सांगते आहे ते वाचावे.

त्याआधी लॅपटॉप वायरने थेट मोडेमला जोडून पाहावा. तसे केल्यावर नेट सुरळीत चालले, तर दोष वायफायचा आहे. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंती वायफाय पलीकडे जाऊ देत नाहीत आणि तिथे राऊटरची जागा बदलल्यानेच काम भागते.

वायरवरही नेट तुटत असेल, तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकावा. बहुतेक केबल मोडेमचे सिग्नलचे पान तिथे उघडते. येणाऱ्या सिग्नलची (डाउनस्ट्रीम) पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलचा जोर मोजायचे एकक) दरम्यान आणि सिग्नल-नॉइज प्रमाण, म्हणजे सिग्नल खरखरीपेक्षा किती वरचढ आहे तो आकडा, ३३ डेसिबलच्या वर असावे. पण सर्वांत बोलका आकडा जाणाऱ्या सिग्नलचा (अपस्ट्रीम) असतो, आणि नेमका तोच कोणी पाहत नाही. मोडेमचे बोलणे पलीकडच्या टोकाला, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्राला, क्षीण ऐकू आले, की ते टोक त्याला आवाज चढवायला लावते. हा आकडा ५० च्या पुढे गेला, म्हणजे मोडेम जवळजवळ ओरडतो आहे. आणखी आवाज चढवायला वाव उरत नाही आणि जोडात जरासा ओलावा शिरला तरी संपर्क तुटतो.

मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी हा आकडा ५१ होता. टीव्हीच्या काळातला चार तोंडांचा स्प्लिटर (एका केबलच्या चार वाटा करणारा जोड) वाटेत तसाच राहिला होता आणि त्याची तीन तोंडे मोकळी होती. असा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला सुमारे ७ डेसिबल सिग्नल खातो. तो काढताच आकडा ४४ वर आला. तरीही पावसात नेट जातच होते, म्हणून गच्चीवरचा कनेक्टर उघडला. मधली तार, जी तांब्यासारखी लखलखीत हवी, ती काळी पडली होती, तिच्याभोवती हिरवट भुकटी साचली होती आणि केबलच्या आतली धातूची जाळी दाबताच पाण्याचे दोन थेंब बोटावर आले. केबल वरून उतरत सरळ कनेक्टरमध्ये शिरत असल्यामुळे तिच्यावरून ओघळणारे पाणी थेट जोडात जात होते. खराब टोक कापून नवा कनेक्टर बसवला आणि जोडाच्या आधी केबलला खाली झोल दिला, म्हणजे पाणी त्या झोलातूनच गळून पडते.

घरातले सगळे जोड घट्ट आणि कोरडे असूनही आकडे बिघडलेलेच राहिले, तर दोष बहुधा खांबापासून पुढचा आहे आणि तिथे आपण हात घालू नये. मात्र तक्रार करताना नुसते ‘नेट जाते’ असे न म्हणता तारीख, वेळ, पाऊस होता की नाही आणि तिन्ही आकडे वहीत लिहून द्यावेत. आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांनी आठ दिवसांच्या अशा नोंदी दाखवल्या, तेव्हा आलेला तंत्रज्ञ घरातल्या मोडेमला हातही न लावता शिडी घेऊन थेट खांबाकडे गेला.