टीपीएसचा स्क्रू आणि आपली खारी हवा

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘थ्रॉटल पोझिशन सेन्सर घरच्या घरी कसा सेट करावा’. फलकावर जागा नव्हती म्हणून नुसतं ‘टीपीएस’ लिहिलं, तर आमच्या पोस्टमास्तरांना टपाल खात्याची नवी योजना वाटली. आलाच आहात तर बसा, दुचाकी तुमच्याकडेही आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. पूर्वी गाडी मिसिंग करायला लागली की स्लो जेट काढायचा, फुंकायचा, परत बसवायचा. आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि तुम्ही मूठ किती पिळलीत हे त्याला हा सेन्सर सांगतो. इंजिनात हवा सोडणारी झडप जिच्यात असते ती थ्रॉटल बॉडी, तिच्या दांडीच्या टोकाला तो असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखाच: आत कार्बनची पट्टी, तिच्यावर सरकणारा काटा. तीन वायरी: एकीवर 5 व्होल्ट, एक ग्राउंड, तिसरीवर सिग्नल. मूठ सोडलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण पिळली की चार-साडेचार.

आता माझं खरं दुखणं सांगतो. भाच्याची गाडी हर्णैला, बंदराजवळ उघड्या पडवीत. पावसाळा सरला आणि ती आसूदच्या चढावर धक्के मारायला लागली. स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावरचं इंजिनाचं फिरणं, कधी चढतंय, कधी गाडी बंदच पडतेय. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॉम्प्युटर लावला, टीपीएसचा कोड आला, लगेच निकाल: अख्खी थ्रॉटल बॉडी बदला. आकडा ऐकून आमचे मेहुणे बाकावर बसले ते चहा येईपर्यंत उठले नाहीत. मी विचारलं, “अहो, व्होल्टेज बघितलंत का?” तर म्हणे, “काका, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं.” कॉम्प्युटर काय सांगतो? सिग्नल गडबडलाय. का गडबडलाय हे त्याला कुठे ठाऊक!

घरी आणून सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडवला. रबरी सील एका बाजूने दुमडलेलं, आणि तीनपैकी मधल्या पिनेवर हिरवा कळंक, नखाने खरवडला तर भुकटी पडली. पितळी भांड्यावरचा कळंक आपल्या बायकांना लांबून दिसतो, गाडीतला कोणी बघतच नाही! मल्टीमीटरवर सिग्नल 0.6, मध्येच 0.2, परत 0.7, मूठ तर कोणी हलवलेलीच नव्हती. सेन्सर बिचारा खरं बोलत होता, निरोप वाटेत अडकत होता. कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, सील सरळ, वरून थोडं सिलिकॉन ग्रीस. सेन्सरच्या स्क्रूला हातसुद्धा लागला नाही. आणि हो, गाडी धुताना प्रेशरचा पाइप कपलरवर धरणारे इथे बरेच बसलेत, मी नावं घेत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. बरं, भरभर सांगतो.

आधी केबलला थोडी ढील आहे ना बघा, थ्रॉटल बॉडीतला काळा थर साफ करा, बॅटरी तपासा. मग किल्ली ऑन, इंजिन बंद, मल्टीमीटर डीसी 20 वर. कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने सिग्नलच्या वायरीशेजारून टाचणी आत सरकवा. वायर सोलू नका, तिथूनच मीठ शिरतं. मूठ सोडून आकडा घ्या आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. मग मूठ सावकाश पिळा. आकडा सलग चढायला हवा. एकाच जागी दर वेळी उडी मारत असेल तर पट्टी झिजलीय, सेन्सर बदला.

आकडा स्थिर आहे पण चुकीचा, तरच स्क्रू. तोही सेन्सरची भोकं लांबट असतील तर. गोल भोकं असली, तर तो हलवण्यासाठी बनवलेलाच नाही. लांबट असतील तर मूळ जागेवर मार्करने रेघ मारा, स्क्रू जेमतेम ढिले करा, केसभर फिरवा, आवळा, परत मोजा. आवळताना आकडा सरकतो. थ्रॉटलची झडप जिथे येऊन अडते तिथला, रंग लावलेला स्क्रू मात्र हलवू नका, तो कारखान्यात बसवलेला असतो. केटीएम 390 सारख्या राइड-बाय-वायर, म्हणजे मुठीपासून केबलच नसलेल्या, गाड्यांना घरी हात लावूच नका.

प्रश्न बाहेर घेऊ, गाड्याही तिथेच आहेत. मल्टीमीटर मी आणलाय, टाचणी कोणीतरी द्या.